शेकाच्या वेळचा लाल दिवा

मी चिडकी आहे. बाळंतपणामुळे नाही, मुळातच. शाळेत बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहून दिलं होतं, ‘हुशार आहे, पण राग नाकावर.’ नोकरीही मला शोभेल अशीच मिळाली. वजनमापं तपासणारी निरीक्षक आहे मी. दुकानात शिरलं की दुकानदार आधी चहा मागवतो आणि मी आधी पारड्याखाली हात घालते. जो फार आग्रहाने चहा पाजतो त्याच्या पारड्याखाली हमखास काहीतरी चिकटवलेलं असतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळ्यांना माझा राग म्हणजे आजार वाटायला लागला आणि माझी तान्ही पोर माझ्याकडून काढून न्यायची तयारी झाली.

सगळं सुरू झालं त्या पट्ट्यापासून. ‘सोबतीण’ त्याचं नाव. नाव ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

आता बाळंत झालेल्या प्रत्येक बाईच्या मनगटावर हा पट्टा बांधूनच तिला घरी सोडतात. त्यामागचं शास्त्र खरं आहे, तेवढं कबूल करते. गरोदरपणात बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक भरमसाट वाढतं. त्यापासून शरीरात एक शामक द्रव्य तयार होतं, ते मेंदूला शांत ठेवतं. बाळ आणि वार बाहेर पडली की हे सगळं धाडकन खाली येतं. बहुतेक जणी चार दिवस उगीचच रडतात आणि सावरतात. काही जणी सावरत नाहीत. त्या हसून बोलतात, बाळाला पाजतात आणि आतल्या आत बुडत जातात. पूर्वी हे कुणाला कळायचं नाही आणि एक दिवस विहिरीवर गर्दी जमायची.

सोबतीणच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया आहेत. त्वचेखालच्या पाण्यात ते शामक द्रव्य किती उरलंय, ताणाचं कॉर्टिसोल किती चढलंय, हे त्या मोजतात. शिवाय पट्टा हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. माणूस निवांत असलं की हे अंतर जरा कमी, जरा जास्त होत राहतं. दुःखात रुतलेल्या माणसाचे ठोके मात्र घड्याळासारखे एकसारखे पडतात. तिन्ही मापं बिघडली की लाल दिवा लागतो. या लाल दिव्याने बायका वाचल्यात. माझं भांडण यंत्राशी नव्हतं.

माझं भांडण असं होतं की तो दिवा बाळंतिणीला दिसतच नाही. तिने बघितलं तर ती घाबरेल म्हणे! दिसतो तो ‘जबाबदार कुटुंबीया’च्या फोनवर. माझ्या बाबतीत ही व्यक्ती ठरली सातव्या महिन्यात, चिंचवडला, डोहाळजेवणाच्या दिवशी. मी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसले होते. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, मी उजवीकडची उघडली, बर्फी निघाली, आणि बायकांनी ‘मुलगी गं मुलगी’ म्हणून गलका केला. त्या गलक्यात हॉस्पिटलची एक मुलगी टॅबलेट घेऊन फिरत होती आणि माझ्या सासूबाईंनी त्यावर अंगठा उमटवला. मला वाटलं फोटो बघतायत. माझी नजर तेव्हा बर्फीवर होती.

सासूबाई वाईट नाहीत. बँकेत मॅनेजर होत्या, हाताखाली माणसं नसली की त्यांना करमत नाही एवढंच. मी त्यांना ‘अहो आई’ म्हणते आणि माझ्या आईला ‘अगं आई’. आमच्या घरात या दोन शब्दांवर सगळा कारभार चालतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी मिरजेला आले. चिमी तिथेच झाली. (बारसं व्हायचं होतं, तोवर ती चिमी.) आईने सगळं साग्रसंगीत मांडलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा, आणि रोज सकाळी हौसामावशी. मावशी मला तेल लावणार, कढत पाण्याने न्हाऊ घालणार आणि मग मागच्या खोलीत बाजेवर निजवून खाली विस्तवाची शेगडी सरकवणार. शेक! आजकाल डॉक्टर नको म्हणतात. चिमीला मी धुराच्या जवळपास फिरकू दिलं नाही, पण माझी कंबर मात्र त्या शेकाला दुवा देत होती.

पहिल्याच सकाळी आईने माझ्या मनगटावरून पट्टा काढला.

“तेलाने बिघडेल. इकडे दे.”

“अगं, काढला की तिकडे चिंचवडला फोन वाजतो.”

“मी बघते त्याचं. तू पड निवांत.”

मला वाटलं, तिने फोन करून सांगून ठेवलं असेल. माझी आई, वृषाली जोशीराव, तशी व्यवस्थित बाई. कमी बोलणारी. बाबांपुढे तर फारच कमी. मी दार लोटून घ्यायची, आई चिमीला घेऊन स्वयंपाकघरात जायची, आणि शेक झाला की पट्टा परत माझ्या मनगटावर यायचा.

थोड्याच दिवसांत सासूबाईंचा फोन आला. आवाज मधाळ. मॅनेजर मंडळी माणसाला नारळ देताना काढतात तसा.

“शर्वरी, बरं वाटतंय ना गं? मनात काही येतं का? सांग हो मोकळेपणी.”

“मला काय झालंय? मस्त आहे मी.”

“लाल आलंय गं.”

“मग पट्टा बिघडलाय तुमचा.”

“हे बघ, अशी चिडचिड होतेच म्हणे त्यात.”

झालं! त्या दिवसापासून मी जे करीन ते ‘त्यात’ धरलं जाऊ लागलं. ओरडले तर चिडचिड. गप्प बसले तर उदास. हसले तर उसनं हसू. भूक लागली तर भावनेच्या भरात खाणं. माझा नवरा तन्मय, सहा फूट उंच, पूल बांधतो, पण आईपुढे त्याचा आवाज फुटत नाही. तो मला फोनवर हळूच म्हणाला, “शरू, प्लीज चिडू नकोस ना. चिडणं पण त्यातच धरतात.” मी फोन गादीवर आपटला. ते चिमीच्या झोपेला धार्जिणं नव्हतं. ती रडायला लागली आणि मीही रडले. त्या वेळी, गंमत बघा, पट्टा हिरवा होता. हे मला पुढे कळलं.

सर्वांत जास्त लागलं ते आईचं वागणं. लाल आल्याचं कळल्यापासून ती माझ्याभोवती घिरट्या घालायला लागली. विळी उचलून ठेवली. गच्चीच्या दाराला कुलूप. चिमीला पाजून झालं की लगेच, “दे माझ्याकडे, तू नीज.” डोळे असे भेदरलेले, जणू मी पोरीला काही करणार आहे.

“आई, तुझा पण विश्वास नाही माझ्यावर?”

“तसं नाही गं बाई. पण वेळ सांगून येते का?” एवढंच बोलली आणि चिमीला घट्ट धरून बसली.

मग लाल वरचेवर यायला लागलं. आणि नियम असा आहे की लाल ठरावीक वेळा आलं की बाळ काही काळ जबाबदार कुटुंबीयाकडे जातं. बाळंतिणीला गोळ्या सुरू होतात आणि अंगावरचं दूध बंद. बाळाच्या आईची संमती लागत नाही. लाल असलेल्या बाईची संमती ती काय, असं त्यांचं म्हणणं. किती सोयीचं! ज्या बाईचं मूल न्यायचं तिनेच बोलायचं नाही.

एका संध्याकाळी सासूबाईंनी कळवलं. “उद्या आम्ही येतोय. हॉस्पिटलच्या डॉक्टर आहेत बरोबर. चिमीला घेऊन जातो. फक्त सव्वा महिना. तुझ्या भल्यासाठीच.”

माझ्या छातीत दूध दाटून आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी तन्मयला फोन लावला. यावेळी ओरडले नाही. मी ओरडत नाही तेव्हा तो जास्त घाबरतो.

“तो आलेख मला पाठव. कधी कधी लाल आलंय तो.”

“तुला दाखवायचा नसतो गं. नियम...”

“तन्मय, उद्या माझी पोर नेताय तुम्ही. आणि काटा बघायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. हा माझ्या खात्याचा नियम आहे. पाठव.”

त्याने पाठवला. तेवढं पुण्य त्याच्या नावावर.

दिवसभर हिरवं, रात्रीही हिरवं. पोर रडून रडून मला जागवत होती तेव्हाही हिरवं. लाल फक्त सकाळी. रोज सकाळी एकाच वेळी, आणि ते डाग दिवसेंदिवस गडद होत गेलेले. मी बघत राहिले आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती शेकाची वेळ. त्या वेळी माझ्या हातात पट्टाच नसतो! फडताळात पडलेल्या पट्ट्याला कसलं आलंय दुःख?

मी कुणाला काही बोलले नाही. काटा तपासायला जाताना आधी वर्दी द्यायची नसते.

सकाळी हौसामावशीने मला बाजेवर निजवलं, शेगडी सरकवली. पाठ जरा कुठे ऊब धरत होती, तेवढ्यात मी उठून बसले.

“आता गं? पडून ऱ्हा की पोरी, वारं बसंल!” मावशी ओरडली.

“बसू दे,” म्हणत मी जुनं लुगडं अंगाला गुंडाळलं आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दारात गेले.

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. गॅसवर काढा उकळत होता आणि उतू जायच्या बेतात होता. तिचं लक्ष नव्हतं. चिमी तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. आणि आईच्या मनगटावर माझा पट्टा होता. ती रडत नव्हती. चिमीच्या मुठीत आपलं बोट देऊन नुसती बघत होती. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. सगळं घर जळून गेल्यावर माणूस राखेकडे बघतं ना, तसा.

मी मात्र तेव्हा बघितला तो पट्टा. आणि माझा भडका उडाला.

“अगं आई! तू घालतेस हा?”

ती दचकली. “काढला की तिकडे वाजतो ना. उगीच त्यांना घोर. म्हणून मी घालते तेवढा वेळ. नाडी तर मोजतो तो. माझी काय नि तुझी काय.”

“नाडी? त्या नाडीवर माझी पोर चाललीय! लाल येतंय ते याच वेळी येतंय. ते माझं नाही, तुझं आहे!”

“माझं?” तिला खरंच कळेना. “मला काय धाड भरलीय?”

“रोज सकाळी लाल. तू हा घातलास की लाल.”

काढा उतू गेला, आईने हात लांब करून गॅस बंद केला, आणि परत तशीच बसली. चिमीला तिने खाली ठेवलं नाही.

“मी घाबरत होते गं,” ती म्हणाली. “तुझं लाल येतंय म्हटल्यावर मला वाटलं, तुझंही माझ्यासारखंच होणार.”

“तुझ्यासारखं म्हणजे?”

आणि मग माझ्या आईने, जी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाही, तिने सांगितलं. माझ्या जन्मानंतर तिला रडू थांबेना. का ते तिलाही सांगता येईना. माझी आजी म्हणाली, हिला वारं लागलंय, हिच्याजवळ पोर ठेवणं धोक्याचं. बाबांनी मला उचललं आणि जयसिंगपूरला आत्याकडे नेऊन ठेवलं. आईची छाती घट्ट फडक्याने बांधली, दूध जिरवायला. मी परत आले ते उष्टावण झाल्यावर. आईने हात पुढे केले तर मी आत्याच्या गळ्याला मिठी मारून किंचाळले.

“तू मला ओळखलंच नाहीस,” आई म्हणाली. “तुझी काय चूक? पण मांडीवरचं एवढंसं बाळ मला मिळालंच नाही. ही मांडीवर घेतली की वाटतं, आत्ता कुणीतरी येईल आणि उचलून नेईल.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलं होतं?”

माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. आईवर तो धरता येईना, आणि गिळताही येईना. तिकडे कुणाला घोर नको म्हणून तिने तो पट्टा स्वतःच्या हातावर चढवला होता, आणि पोर कुणी उचलून नेईल या भीतीने तो लाल होत होता. माझी आजी मरून गेली. आत्या लेकाकडे अमेरिकेत. उरले बाबा. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते आणि आमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, कारण पान उलटल्याचा आवाज मघापासून आला नव्हता.

तेवढ्यात दारात गाडी थांबली.

सासूबाई पुढे, हातात नवी कोरी बाळाची पिशवी. मागे तन्मय, मान खाली. त्याच्या मागे डॉक्टर, माझ्याहून लहान मुलगी, केतकी नाव. मी लुगडं गुंडाळलेली, केस तेलाने थबथबलेले, डोळे लाल. सासूबाईंनी डॉक्टरकडे असं बघितलं की बघा, मी म्हणत नव्हते?

“अहो आई, बसा,” मी म्हणाले. “पिशवी खाली ठेवा. डॉक्टर, हा पट्टा घ्या आणि तुमच्या हाताने माझ्या मनगटावर बांधा. आणि अहो आई, तुमचा तो फोन सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवा.”

डॉक्टरने बांधला. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा कोण घालत होतं आणि कधी. सांगताना माझा आवाज चढला. तन्मय खुणेने हळू, हळू म्हणत होता. मी हळू बोलले नाही. डॉक्टर मधेमधे फोनकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली.

“हिरवं आहे.”

“इतकी चिडलीय आणि हिरवं?” सासूबाईंना खरंच धक्का बसला.

“राग वेगळा, काकू. रागात ते शामक द्रव्य तळाला जात नाही. या आजारी नाहीत.” डॉक्टर जरा ओशाळली. “त्या फक्त रागावल्यात.”

फक्त! पण मी सोडून दिलं. मला दुसरंच विचारायचं होतं.

“पट्ट्याला माणूस बदललेलं कळत नाही?”

“आधी ओळख तपासायचा. पण बाळंतपणात बाईच्या शरीरात सगळंच इतकं बदलतं की पट्ट्याला तीच बाई अनोळखी वाटायची. खोटे इशारे फार यायला लागले. म्हणून कंपनीने ती तपासणीच काढून टाकली.” मग घाईने म्हणाली, “पण काळजी नको. बाळ इथेच राहील. मी या सगळ्या लाल नोंदी चुकीच्या म्हणून पुसून टाकते.”

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. तन्मयने डोळे पुसले. बाबांनी बाहेर पेपरची घडी घातली. सगळ्यांचं काम झालं होतं. माझंही झालं होतं, चिमी माझी राहिली होती. मी तिथेच थांबायला हवं होतं का? माझ्याने थांबवेना.

“पुसायच्या नाहीत,” मी म्हणाले.

“ताई, पण त्या चुकीच्या...”

“चुकीच्या कशा? काटा बरोबर आहे, डॉक्टर. पारड्यात कोण बसलंय ते तुम्ही बघितलं नाही, एवढंच. ते लाल माझ्या आईचं आहे. तिचं काय करणार?”

डॉक्टर गोंधळली. “त्या आमच्याकडे नोंदलेल्या नाहीत. आणि या वयात ते द्रव्य कमी असतंच.”

“कॉर्टिसोल? ठोके? तेही वयाने?”

तिने फोन उचलून मापं नीट बघितली. पहिल्यांदाच नीट बघितली. “नाही,” ती हळूच म्हणाली. “हे वयाचं नाही.” मग म्हणाली, “पण ही योजना प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांपुरतीच आहे. इतक्या वर्षांनी... ती केस बंद झालेली असते.”

“उघडली कुणी होती?”

बाबा दारात येऊन उभे राहिले. “शरू, पुरे. जुनं कशाला उकरतेस? तेव्हा कुणाला काय कळत होतं?”

“मला उचलून जयसिंगपूरला न्यायचं तेवढं बरोबर कळलं, बाबा. नंतर हिला एकदा तरी विचारलंत, कशी आहेस म्हणून? बत्तीस वर्षांत? एकदा?”

बाबा हातातल्या पेपरची घडी आणखी बारीक करत राहिले.

मी मनगटावरचा पट्टा सोडला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. तिला खुर्चीत बसवलं, पट्टा तिच्या हातावर बांधला आणि चिमीला तिच्या मांडीवर दिलं. आई मला नको नको म्हणत होती. पण चिमी मांडीवर आली आणि तिचे हात आपोआप त्या पोरीभोवती वळले.

आम्ही सगळे फोनकडे बघत होतो. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग टेबलावरचा फोन वाजायला लागला. लाल, आणि तो कर्कश भोंगा, जो चिंचवडच्या घरात रोज सकाळी वाजत होता आणि माझ्या नावावर मांडला जात होता.

“अरे देवा,” सासूबाई पुटपुटल्या. त्या आईकडे बघत होत्या. मॅनेजरचा चेहरा गळून पडला होता आणि खाली एक साधी, म्हातारी होत चाललेली बाई होती. “वृषालीताई, अहो... तुमचं पण?”

“बंद करा ते,” बाबा म्हणाले. “शेजारीपाजारी ऐकतील.”

सासूबाईंचं बोट फोनकडे गेलं.

“वाजू दे.”

मी नव्हते म्हणाले ते. आई म्हणाली. बाबांकडे बघून म्हणाली, आणि आवाज अजिबात हळू नव्हता. बोट जिथल्या तिथे थांबलं. फोन वाजत राहिला. मग आई डॉक्टरकडे वळली.

“लिहून घ्या,” ती म्हणाली. “मला मुलगी झाली होती. अंगावर पीत होती. घेऊन गेले.”